भक्षक पेशींचे जगणे आणि मरणे : पूय, राजयक्ष्मा आणि आपली चिकित्सा

आपल्या औषधालयांतील बाटल्यांवर आणि वेष्टनांवर एक वाक्य हमखास आढळते : ‘रोगप्रतिकारशक्ती वाढविणारे’. रुग्णही तेच मागतात. “डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढेल असे काहीतरी द्या,” ही मागणी ऐकली नाही असा दिवस आपल्यापैकी क्वचितच कोणाच्या वाट्याला येत असेल. परंतु ‘वाढविणे’ म्हणजे नेमके काय वाढविणे? पेशींची संख्या, त्यांचे आयुष्य, की त्यांचा आवेश? या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःशी तरी स्पष्ट केले पाहिजे. कारण गेल्या काही दशकांतील पेशीविज्ञानाने एक गोष्ट निर्विवादपणे दाखवून दिली आहे. जंतुसंसर्गात रुग्ण बरा होतो की खालावतो, हे केवळ किती पेशी लढल्या यावर ठरत नाही. लढणारी पेशी केव्हा मेली आणि कोणत्या रीतीने मेली, यावरही ते ठरते.

प्रस्तुत लेखात हा विषय शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडण्याचा प्रयत्न आहे. पूय, रक्तातिसार आणि राजयक्ष्मा या आपल्या नित्य परिचयाच्या तीन उदाहरणांच्या आधारे तो समजून घेऊ आणि शेवटी चिकित्सक व औषधविक्रेते यांनी व्यवहारात काय करावे, याचा विचार करू.

१८८२ : एकाच वर्षातील दोन शोध

या कथेचा आरंभ १८८२ या वर्षापासून करणे सोयीचे आहे. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी इटलीतील मेसिना येथे रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अर्भकात बारीक काटे टोचून पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या पेशी असतात, हा त्यांचा सिद्धांत पुढे मान्यता पावला आणि १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा गिळणाऱ्या पेशींना आपण ‘भक्षक पेशी’ म्हणू. त्यांत दोन प्रमुख. पहिली न्यूट्रोफिल. रक्ततपासणीच्या अहवालात ‘पॉलिमॉर्फ’ म्हणून जिची टक्केवारी आपण वाचतो, तीच ही. दुसरी मॅक्रोफेज. ही आकाराने मोठी, दीर्घायुषी आणि ऊतींमध्ये ठाण मांडून राहणारी. फुप्फुसाच्या वायुकोशांत, यकृतात, प्लीहेत, त्वचेखाली अशी ती सर्वत्र असते.

जंतू गिळला म्हणजे काम संपले, अशी समजूत दीर्घकाळ होती. परंतु जंतू पोटात घेतलेल्या पेशीचे पुढे काय होते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा ठरला.

मरणाच्या तीन तऱ्हा

पेशी मरते म्हणजे फुटते, एवढेच पूर्वी मानले जाई. १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी एक वेगळा मृत्यू वर्णिला आणि त्याला ‘अपोप्टोसिस’ हे ग्रीक नाव दिले. झाडावरून पान गळावे तसा हा मृत्यू, असा त्या शब्दाचा भाव आहे. पुढे या प्रक्रियेमागील जनुके उलगडणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. आज पेशीमृत्यूचे अनेक प्रकार ज्ञात आहेत. आपल्या प्रयोजनापुरते तीन लक्षात ठेवावेत.

(१) अपोप्टोसिस : हा शिस्तबद्ध मृत्यू होय. पेशी आकसते, केंद्रकातील द्रव्याचे तुकडे होतात आणि सारी सामग्री लहान लहान पिशव्यांत बांधली जाते. पटलाच्या आतील बाजूस राहणारे एक मेदद्रव्य बाहेरील बाजूस येते आणि शेजारच्या मॅक्रोफेजला ती जणू ‘मला उचल’ अशी खूण असते. मॅक्रोफेज तिला गिळते. गळती होत नाही आणि दाहही होत नाही. उलट, अशी मृत पेशी गिळणारे मॅक्रोफेज दाह शमविणारी द्रव्ये सोडू लागते.

(२) नेक्रोसिस : हा विस्कळीत मृत्यू. पेशी फुगते, पटल फाटते आणि आतील पाचक विकरे, तसेच जिवंत जंतू असल्यास तेही आसपास सांडतात. शेजारच्या निरोगी ऊतींची हानी होते.

(३) पायरोप्टोसिस : हे नाव २००१ साली सुचविले गेले. ग्रीक ‘पायरो’ म्हणजे अग्नी. पेशीच्या आत जंतूची चाहूल लागताच काही प्रथिने एकत्र येऊन एक यंत्रणा उभी करतात, तिला इन्फ्लमासोम म्हणतात. ती कॅस्पेज-१ या विकराला जागे करते. हे विकर गॅसडर्मिन-डी नावाच्या प्रथिनाला छेद देते आणि त्याचे तुकडे पेशीच्या पटलात छिद्रे पाडतात. गॅसडर्मिनचे हे कार्य २०१५ साली उघड झाले. या छिद्रांतून इंटरल्यूकिन-१ बीटा हे ज्वरोत्पादक व दाहोत्पादक द्रव्य बाहेर पडते आणि पेशी फुटते. मरता मरता आगीची घंटा वाजविणारा पहारेकरी, असे तिचे वर्णन करता येईल.

यांपैकी एकच प्रकार चांगला आणि बाकीचे वाईट, असे मात्र नाही. योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी पायरोप्टोसिस झाल्यास जंतूचा लपण्याचा आसरा नष्ट होतो व मदतीला इतर पेशी धावून येतात. तोच प्रकार शरीरभर व अमर्याद झाला, तर रुग्ण दगावतो. मात्रा आणि काल यांचा विचार येथेही अपरिहार्य आहे.

न्यूट्रोफिल : अल्पायुषी शिपाई

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दररोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. त्यांचे आयुष्य तासांत किंवा फार तर थोड्या दिवसांत मोजावे एवढेच असते. संसर्ग नसेल तर त्या निमूटपणे अपोप्टोसिसने मरतात आणि यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा येथील मॅक्रोफेज त्यांची विल्हेवाट लावतात. रोज एवढ्या पेशी मरूनही आपल्याला ना ज्वर येतो ना शोथ होतो, हे त्या शिस्तबद्ध मृत्यूचेच फलित होय.

संसर्ग झाला की चित्र पालटते. जंतूंच्या कवचातील द्रव्ये आणि ऊतींतून स्रवणारे संदेश यांमुळे न्यूट्रोफिलचा अपोप्टोसिस लांबतो. शिपायाची निवृत्ती पुढे ढकलावी तसा हा प्रकार आहे. या वाढीव आयुष्यात ती जंतू गिळते आणि मारते. जंतू गिळून मारल्यानंतर मात्र तिच्या मृत्यूची गती वाढते. काम झाले, आता शांतपणे निघून जा, असाच तो आदेश असतो. ती वेळेवर गेली, मॅक्रोफेजने तिला उचलले, की शोथ ओसरू लागतो.

२००४ साली आणखी एक रीत समोर आली. काही न्यूट्रोफिल आपल्या केंद्रकातील डीएनएचे धागे बाहेर फेकतात. या जाळ्यात जंतुनाशक प्रथिने चिकटलेली असतात व जंतू त्यांत अडकतात. पुष्कळदा पेशी त्यात स्वतः मरते. परंतु हीच जाळी रक्तवाहिन्यांत अतिरेकाने पसरली तर रक्त गोठण्यास मदत होते व अवयवांना इजा पोहोचते.

जंतूही स्वस्थ बसत नाहीत. गळवांना कारणीभूत होणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू डीएनएचे जाळे कापणारे विकर तयार करतो. त्याच्या काही वाणांत पॅन्टन-व्हॅलेन्टाइन ल्यूकोसिडिन नावाचे विष असते. ते न्यूट्रोफिलच्या पटलाला भोके पाडून तिला फोडते. वारंवार गळवे येणाऱ्या रुग्णांत या वाणांचा संबंध आढळला आहे. अशा रुग्णांत न्यूट्रोफिल कमी पडत नाहीत, त्या अवेळी फोडल्या जातात.

पूय म्हणजे काय?

या पार्श्वभूमीवर पूयाकडे पाहावे. मृत न्यूट्रोफिल, मृत व जिवंत जंतू, विरघळलेल्या ऊती आणि द्रव यांचे ते मिश्रण होय. त्याची हिरवट छटा बहुधा न्यूट्रोफिलमधील मायलोपेरॉक्सिडेज या विकरामुळे येते. म्हणूनच सर्दी-खोकल्यात कफ हिरवा झाला एवढ्यावरून जंतुसंसर्ग सिद्ध होत नाही. तेथे न्यूट्रोफिल आल्या होत्या, एवढेच त्यावरून कळते. दुकानात येऊन ‘कफ हिरवा आहे, अँटिबायोटिक द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला औषधविक्रेत्याने हे आवर्जून सांगावे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या, आमपक्वैषणीय अध्यायात व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वर्णिलेल्या आहेत, हे आपण सर्व जाणतो. आमावस्थेत अल्प उष्णता, अल्प वेदना व काठिण्य. पच्यमानावस्थेत तीव्र वेदना, दाह, ज्वर, तृष्णा आणि कोणत्याही स्थितीत चैन न पडणे. पक्वावस्थेत वेदनाशमन, त्वचेवर सुरकुत्या आणि दाबल्यास आतील द्रव हलल्याचे जाणवणे. अपक्व शोथ कापणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, या दोघांनाही सुश्रुताने सारखाच दोष दिला आहे.

सुश्रुताला पेशी ठाऊक होत्या, असा दावा करण्याचे कारण नाही. त्याने रुग्ण बारकाईने पाहिला होता, एवढे पुरेसे आहे. आज आपण असे म्हणू शकतो की पच्यमानावस्था हा न्यूट्रोफिलच्या आगमनाचा व झुंजीचा काळ असतो, तर पक्वावस्थेत त्या मोठ्या संख्येने मरून एका पोकळीत साचलेल्या असतात. या पोकळीत रक्तपुरवठा नसतो. तेथे मॅक्रोफेज पोहोचून सफाई करू शकत नाहीत आणि पोटातून दिलेले औषधही पुरेसे पोहोचत नाही. यास्तव पक्व विद्रधीला भेदनाशिवाय पर्याय नाही, हे प्राचीन वचन आणि आधुनिक शल्यतंत्र यांचे एकमत आहे.

रक्तातिसार : मृत्यूचा उपयोग करून घेणारा जंतू

शिगेला हा जंतू आतड्यात शिरतो, पण आतड्याच्या अस्तराच्या वरच्या बाजूने त्याला सहज प्रवेश मिळत नाही. म्हणून तो अस्तरातील विशिष्ट पेशींमधून पलीकडे जातो. तेथे मॅक्रोफेज त्याला गिळते. हा जंतू गिळला जाऊनही मरत नाही. तो मॅक्रोफेजलाच ठार करतो, हे १९९२ साली झिक्लिन्स्की, प्रेव्हो व सान्सोनेटी यांनी दाखविले. तेव्हा त्या मृत्यूला अपोप्टोसिस म्हटले गेले होते. पुढे तो कॅस्पेज-१ वर अवलंबून असलेला दाहक मृत्यू, म्हणजे पायरोप्टोसिस असल्याचे स्पष्ट झाले.

मॅक्रोफेज फुटताच जंतू सुटतो आणि अस्तराच्या पेशींत खालच्या बाजूने घुसतो. त्याच वेळी फुटलेल्या पेशीतून निघालेल्या संदेशांमुळे न्यूट्रोफिलची झुंड धावून येते. त्यांच्या गर्दीत अस्तराच्या पेशींमधील सांधे उघडतात आणि आणखी जंतूंना वाट मिळते. रक्त, आव आणि मुरडा यांचे हे मूळ आहे. मलपरीक्षणात ‘पस सेल्स’ भरपूर दिसतात त्या याच. अखेर हा संसर्ग आटोक्यात आणण्यात न्यूट्रोफिलचाच मोठा वाटा असतो, हेही खरे. एकच प्रतिक्रिया आधी हानी करते आणि नंतर तारते.

राजयक्ष्मा : कोणी कोणाला मारायचे?

आता आपल्या देशातील सर्वांत महत्त्वाच्या उदाहरणाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख मृत्यू झाले. त्या रुग्णांपैकी २६ टक्के भारतातील होते. तरीही क्षयजंतूचा संसर्ग झालेल्या व्यक्तींपैकी आयुष्यभरात केवळ ५ ते १० टक्क्यांनाच प्रत्यक्ष रोग होतो. उरलेल्यांत शरीर जंतूला आवरून धरते. हा फरक कशाने पडतो, याच्या उत्तराचा एक मोठा भाग मॅक्रोफेजच्या मृत्यूत दडलेला आहे.

श्वासावाटे आलेला जंतू वायुकोशातील मॅक्रोफेज गिळते. एरवी गिळलेल्या जंतूची पिशवी आम्लधर्मी होते आणि पाचक विकरांनी भरलेल्या लयकारिकेशी जोडली जाते. क्षयजंतू ही जोडणीच रोखतो. शिवाय त्याच्याकडे ‘ईएसएक्स-१’ नावाची एक स्रावयंत्रणा आहे. तिच्या साहाय्याने तो पिशवीला इजा करून पेशीद्रवापर्यंत पोहोचू शकतो. काल्मेट व गेरँ यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे जंतूची पुनःपुन्हा लागवड करून बीसीजी लस तयार केली. त्या जंतूतून नष्ट झालेला जनुकांचा तुकडा मुख्यतः याच यंत्रणेचा होता, हे पुढे कळले.

जंतू आत जिवंत राहिला, की मॅक्रोफेजपुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट अपोप्टोसिसची. पेशी शिस्तीने मरते, जंतू पिशवीतच बंदिस्त राहतात. शेजारचे ताजे मॅक्रोफेज ती पिशवी जंतूंसह गिळते आणि या दुसऱ्या खेपेस जंतू बहुधा मारले जातात. त्याच पिशव्या डेंड्रायटिक पेशीही उचलतात आणि जंतूची ओळख लिंफोसाइटना करून देतात. विशिष्ट प्रतिकाराची उभारणी त्यामुळे लवकर होते.

दुसरी वाट नेक्रोसिसची. पेशी फाटते, जंतू बाहेर पडतात, पेशीबाहेर वाढतात आणि नव्या मॅक्रोफेजमध्ये शिरतात.

प्रयोगशाळेत तीव्र वाणाचे क्षयजंतू मॅक्रोफेजमध्ये सौम्य वाणांपेक्षा कमी अपोप्टोसिस घडवितात, असे आढळले आहे. २००७ साली जंतूतील एक जनुक काढून टाकले असता मॅक्रोफेजचा अपोप्टोसिस वाढला आणि त्या जंतूची उंदरांतील मारकता घटली. थोडक्यात, क्षयजंतू मॅक्रोफेजला शांतपणे मरू देत नाही. प्रथम तो तिला जगवितो व आत वाढतो, नंतर तिला फोडून बाहेर पडतो.

शरीराचा प्रतिडाव म्हणजे क्षयग्रंथी. जिवंत मॅक्रोफेज व लिंफोसाइट यांची भिंत जंतूंभोवती उभी राहते. भिंत टिकली तोवर रोग सुप्त राहतो. मध्यभागी पेशींचा नेक्रोसिस होऊन पनीरासारखा भुसभुशीत पदार्थ साचतो. तो मऊ पडून श्वासनलिकेत फुटला की फुप्फुसात पोकळी तयार होते, बेडक्यातून असंख्य जंतू बाहेर पडतात आणि रुग्ण इतरांना संसर्ग देऊ लागतो.

या संदर्भात टीएनएफ या संदेशद्रव्याचा अभ्यास उद्बोधक आहे. आमवातासारख्या विकारांत टीएनएफ रोखणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे वापरात आल्यावर काही रुग्णांत सुप्त क्षय उसळला, हे २००१ साली नोंदविले गेले. म्हणजे टीएनएफ कमी पडले तर भिंत ढासळते. मग ते जास्त असणे चांगले का? झेब्राफिश या माशातील क्षयसदृश संसर्गावर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे उत्तर दिले. टीएनएफ अतिरिक्त झाले की मॅक्रोफेजच्या तंतुकणिकांत दाहक प्राणवायू-संयुगे वाढतात. प्रारंभी त्यांमुळे जंतू मरतात, परंतु लगेच मॅक्रोफेजही नेक्रोसिसने फुटते आणि वाचलेले जंतू बाहेर मोकाट वाढतात. न्यूनता आणि अतिरेक, दोहोंचा शेवट एकच. समत्व हेच आरोग्य, हे आपल्या शास्त्राचे सूत्र येथे पेशीच्या पातळीवर दिसते.

जंतुदोष रक्तात पसरतो तेव्हा

संसर्ग शरीरभर पसरून अवयव निकामी होऊ लागतात, त्या सेप्सिसच्या अवस्थेत मृत्यूचा हा ताळमेळ पूर्णपणे बिघडतो. न्यूट्रोफिलचा अपोप्टोसिस लांबून त्या फुप्फुसादी अवयवांत साचतात व तेथील ऊती जाळतात. त्याच वेळी लिंफोसाइट मात्र अपोप्टोसिसने मोठ्या संख्येने मरतात. एकीकडे दाहाचा भडका आणि दुसरीकडे प्रतिकाराचे दिवाळे, अशी ही दुहेरी आपत्ती असते. अशा रुग्णास ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ किंवा ‘दाह कमी करणारे’ असे एकच एक औषध देऊन भागत नाही. तीव्र ज्वरासोबत श्वासाची गती वाढणे, भ्रम, मूत्राचे प्रमाण घटणे किंवा रक्तदाब उतरणे यांपैकी काही दिसल्यास रुग्णास तत्काळ अतिदक्षता सुविधा असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

आपल्या व्यवहारासाठी काही सूत्रे

(१) स्टेरॉइडचा परिणाम ओळखावा. स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिलचे आयुष्य वाढते व त्या रक्तात अधिक दिसतात, तर लिंफोसाइट व इओसिनोफिल यांचा अपोप्टोसिस वाढून त्यांची संख्या घटते. रक्ताच्या अहवालात न्यूट्रोफिल वाढलेल्या आणि इओसिनोफिल शून्यवत दिसल्यास रुग्ण कोठून कोणती ‘पुडी’ घेत होता, हे अवश्य विचारावे. स्टेरॉइडने ज्वर व शोथ दबतो, भूक लागते, रुग्ण खूश होतो आणि आत क्षयग्रंथीची भिंत ढासळत असते. क्षयज मस्तिष्कावरणशोथासारख्या अवस्थेत क्षयविरोधी औषधांच्या संरक्षणाखाली डेक्सामेथासोन उपयुक्त ठरल्याचे व्हिएतनाममधील २००४ सालच्या अभ्यासात दिसले. पण ते तज्ज्ञांचे कार्य आहे. आयुर्वेदाच्या नावाखाली चूर्णात स्टेरॉइड मिसळणे हा रुग्णाचा आणि शास्त्राचाही घात होय.

(२) दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ज्वर, वजन घटणे, रात्री घाम, कफात रक्त यांपैकी काहीही असल्यास प्रथम बेडक्याची जनुकीय तपासणी आणि छातीचा क्ष-किरण करून घ्यावा. कासघ्न कल्प त्यानंतरही देता येतात. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे खोकल्यावर सर्रास दिली गेल्यास क्षयाची लक्षणे तात्पुरती दबतात, निदान लांबते आणि औषधरोधाची भीती वाढते.

(३) क्षयविरोधी औषधे एकत्रित आणि किमान सहा महिने का, हे रुग्णास समजावावे. वेगाने वाढणाऱ्या जंतूंवर आयसोनियाझिड, आम्लधर्मी परिसरातील जंतूंवर पायराझिनामाइड आणि अधूनमधून जागे होणाऱ्या जंतूंवर रिफाम्पिसिन प्रभावी ठरते. दोन महिन्यांत रुग्णाला बरे वाटते, पण ग्रंथींत दडलेले जंतू तेव्हा संपलेले नसतात. आपली रसायन चिकित्सा या औषधांच्या जोडीला असावी, बदली नव्हे.

(४) औषधविक्रेत्यांची जबाबदारी मोठी आहे. १ मार्च २०१४ पासून क्षयविरोधी औषधे अनुसूची एच-१ मध्ये आहेत. त्यांची विक्री चिकित्सकाच्या चिठ्ठीवरच करून स्वतंत्र नोंदवहीत नोंद ठेवणे आणि ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार चिकित्सक व प्रयोगशाळांप्रमाणे औषधविक्रेत्यांनीही क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविणे आवश्यक आहे. ही नोंद झाली म्हणजे रुग्णास मोफत औषधे आणि निक्षय पोषण योजनेचे साहाय्य मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ते दरमहा ५०० रुपयांवरून १००० रुपये करण्यात आले आहे.

(५) आहार हेही औषध. चरकाने राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. धातुक्षय आणि राजयक्ष्मा यांचा संबंध यापेक्षा स्पष्टपणे कोणी दाखवावा? मधुमेहींमध्येही क्षयाचा धोका सुमारे तिप्पट असतो. प्रमेहाच्या प्रत्येक रुग्णास खोकल्याविषयी विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.

(६) गुडूचीसारख्या द्रव्यांबाबत डोळस राहावे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अवरोधजन्य कामलेच्या ३० शस्त्रक्रिया-रुग्णांवर झालेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुडूची दिलेल्या गटात जंतुदोष रक्तात पसरण्याचे प्रमाण कमी व जगण्याचे प्रमाण जास्त आढळले. न्यूट्रोफिलची जंतू मारण्याची क्षमता सुधारल्याचेही दिसले. रुग्णसंख्या लहान असली तरी असे काम आपल्या शास्त्राला बळ देणारे आहे. दुसरीकडे, २०२१ साली मुंबईतीलच सहा रुग्णांत गुळवेल सेवनाशी संबंधित यकृतविकार नोंदविले गेले. त्यावर आयुष मंत्रालयाने द्रव्याच्या ओळखीचा आणि तिच्याशी साम्य असलेल्या दुसऱ्या जातीच्या भेसळीचा मुद्दा उपस्थित केला होता. वाद काहीही असो, आपल्यासाठी बोध सरळ आहे. द्रव्याची जात तपासून घ्यावी, मात्रा व काल मर्यादित ठेवावा, आणि आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड या यकृतावर भार टाकणाऱ्या औषधांसोबत कोणतेही द्रव्य देताना यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात.

समारोप

भक्षक पेशीला नुसते दीर्घायुष्य दिले, तर ती ऊती जाळते किंवा जंतूचे घर बनते. तिला अकाली मारले, तर जंतू मोकळा होतो. तिने वेळेवर लढावे, वेळेवर आणि शिस्तीने मरावे आणि तिच्या अवशेषांची सफाई व्हावी, यालाच निरोगी प्रतिकार म्हणता येईल. म्हणून रुग्णाने ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हटले, तर प्रथम त्याच्या अग्नीची, आहाराची, निद्रेची, रक्तशर्करेची आणि लपलेल्या खोकल्याची चौकशी करावी. वेष्टनावर ‘वाढविणारे’ असे छापण्यापूर्वीही काय वाढते आणि किती काळ, याचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे. ते नसेल तेथे तो शब्द न छापणेच शास्त्राला धरून होईल.